चाळिशीनंतरची टाच

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल जमिनीवर टेकवावे आणि टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ थेट मस्तकात जावी, असा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आला असेल. आमच्या अक्कलकोटात, किंबहुना सोलापूरपासून कलबुर्गीपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात, घरोघर शहाबादी फरशी असते. उन्हाळ्यात ती गार लागते म्हणून आपण तिचे कौतुक करतो; पण दुखऱ्या टाचेला तिच्याइतकी निष्ठुर जागा दुसरी नाही. माणूस भिंतीला हात लावीत, चवड्यावर लंगडत न्हाणीघरापर्यंत जातो. दहा-पंधरा पावले पडली की कळ ओसरू लागते, आणि चहा होईपर्यंत आपल्याला काही झाले होते याचाही विसर पडतो. मग दुपारी तासभर खुर्चीवर बसून उठावे, तो पुन्हा तीच कळ हजर.

हा माणूस जर रोज पहाटे धावणारा असला, तर त्याच्यापुढे एक वेगळाच पेच उभा राहतो. धावायला सुरुवात केली की पहिल्या फर्लांगात टाच दुखते, पुढे दुखेनाशी होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्याजासकट वसुली करते. शेजारपाजारचे सल्ले ठरलेले. कोणी म्हणते, "हाड वाढलंय, दुसरं काय!" कोणी म्हणते, "तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेका." आणि सर्वांत वडीलकीचा सल्ला असा, "आता वय झालं. या वयात धावायचं कशाला?"

हा शेवटचा प्रश्न वाटतो तितका फुकटचा नाही. चाळिशी-पन्नाशीतली आमची पुष्कळशी मंडळी पदकांसाठी धावत नाहीत. रक्तातली साखर काठावर आली, वडिलांना मधुमेह होता, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले, म्हणून ती धावू लागली. माझेही तसेच आहे. पहाटे सोलापूर रस्त्याने पाच किलोमीटर जाणे ही माझ्यापुरती औषधाची मात्रा आहे. तेव्हा टाच म्हणते 'थांब' आणि साखर म्हणते 'चल', अशा कात्रीत सापडलेल्या माणसाने काय करावे, हा खरा प्रश्न आहे. माझी उजवी टाच अकरा महिने दुखत होती. त्या काळात डॉक्टरांकडून जे ऐकले, आणि मास्तराच्या सवयीप्रमाणे जे वाचले, ते येथे सांगतो.

प्रथम पावलाची रचना पाहू. एका पावलात सव्वीस हाडे असतात. ती कमानीसारखी रचलेली असतात, आणि कमान पसरू नये म्हणून तळव्याखालून एक चिवट पट्टा ताणलेला असतो. हा पट्टा टाचेच्या हाडाच्या खालच्या आतल्या बाजूला सुरू होतो आणि पुढे पाच फाटे होऊन बोटांच्या मुळाशी जातो. डॉक्टर त्याला प्लांटार फॅशिया म्हणतात. आपण तळपट्टा म्हणू. तो काय काम करतो हे आपल्याला बसल्या जागी पाहता येईल. जमिनीवर पाऊल सपाट ठेवा आणि हाताने पायाचा अंगठा वर उचला. पावलाची कमान आपोआप वर येताना दिसेल. याचे कारण हिक्स नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने १९५४ साली समजावून दिले. त्याने दिलेली उपमा आपल्याला ओळखीची आहे: विहिरीवरचा रहाट. रहाट फिरला की दोर त्याच्यावर गुंडाळला जातो आणि पोहरा वर येतो. तसेच बोटे वर वळली की पट्टा चवड्याच्या हाडांभोवती गुंडाळला जातो, आखूड होतो, आणि कमान उचलली जाऊन पाऊल ताठ होते. या ताठ पावलावर रेटा देऊन आपण पुढे जातो. चालताना, धावताना प्रत्येक पावलाला हा दोर ताणला जातो.

तो किती वेळा ताणला जातो, याचा हिशेब करून पाहा. एक किलोमीटर धावताना साधारण हजार-अकराशे पावले पडतात. म्हणजे पाच किलोमीटरच्या फेरीत एकेका पायाच्या वाट्याला अडीच हजारांवर आघात येतात. धावताना जमिनीचा उलट धक्का शरीराच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट असतो. सत्तर किलोच्या गृहस्थाने हा गुणाकार स्वतःच करावा. तरीही बहुतेक तळपट्टे वर्षानुवर्षे तक्रार करीत नाहीत, हेच खरे तर नवल आहे.

मग चाळिशीनंतर काय बिघडते? याचे एक उत्तर फार विलक्षण मार्गाने मिळाले. १९५५ ते १९६३ या काळात महासत्तांनी उघड्यावर अणुचाचण्या केल्या, आणि त्यामुळे हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण एकदम वाढले. पुढे चाचण्या थांबल्यावर ते हळूहळू उतरत गेले. त्या वर्षांत वाढणाऱ्या प्रत्येक मुलाच्या शरीरात तो कार्बन अन्नावाटे गेला, आणि शरीराचा कोणता भाग केव्हा घडला याची जणू तारीखच त्या त्या भागावर पडली. डेन्मार्कमधल्या काटिया हाइनेमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली टाचेमागच्या जाड शिरेतली ही तारीख वाचली. निष्कर्ष असा निघाला, की त्या शिरेचा गाभा वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास घडून होतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही. स्नायूंचे तसे नाही. त्यांची झीज-भर चालूच असते. म्हणजे ज्या शिरेवर आपण पंचेचाळिसाव्या वर्षी धावतो, ती कॉलेजात प्रवेश घेतानाचीच शीर! तळपट्ट्यावर हा प्रयोग झालेला नाही, पण तोही त्याच जातीच्या तंतूंचा, कमी रक्तपुरवठ्याचा आणि संथ दुरुस्तीचा. त्यातच टाचेखालची चरबीची गादी वयाबरोबर आपली लवचिकता गमावते. दोर जुना आणि गादी बसकी, असा हा दुहेरी प्रकार आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या विकाराच्या इंग्रजी नावाचा शेवट दाहसूचक आहे, आणि त्यामुळे पट्टा सुजला आहे, सूज उतरवण्याच्या गोळ्या घेतल्या की काम झाले, असे आपण समजतो. अमेरिकेतल्या लेमाँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले पन्नास रुग्णांच्या पट्ट्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि २००३ साली सांगितले, की दाहाच्या पेशी तेथे सापडत नाहीत. आढळले ते झिजलेले, विस्कटलेले तंतू. आपल्या भागातल्या वाचकांना मागावरचे उदाहरण लगेच पटेल. चादरीचे सूत एका जागी विरले, तर त्यावर पाणी शिंपडून ते पुन्हा घट्ट होत नाही. वेदनाशामक गोळीने चार दिवस बरे वाटते. विरलेले सूत विरलेलेच राहते. शिवाय या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर मूत्रपिंडाला आणि रक्तदाबाला त्या मानवत नाहीत, ते वेगळेच.

आता त्या 'वाढलेल्या हाडा'कडे वळू. एक्स-रे काढला की टाचेच्या हाडाला पुढच्या बाजूने एक लहानसे टोक आलेले पुष्कळदा दिसते. रुग्ण ते टोक पाहतो आणि हाच तो काटा, अशी त्याची खात्री पटते. पण टाच मुळीच न दुखणाऱ्या माणसांच्या एक्स-रेतही असे टोक सापडते. दुखणे बरे होते तेव्हाही ते जिथल्या तिथे असते. तेव्हा त्या टोकाची धास्ती घेण्याचे कारण नाही, आणि ते कापून काढण्याची घाई तर मुळीच नको.

विटेच्या शेकाबद्दल मात्र मला जरा कडक बोलले पाहिजे. शेकल्याने घटकाभर बरे वाटते, हे खरे. पण ज्यांना मधुमेह आहे, त्यांच्या तळपायाची जाणीव हळूहळू कमी झालेली असू शकते, आणि ते त्यांना स्वतःलाही माहीत नसते. अशा पायाला वीट किती तापली आहे हे कळत नाही. टाच भाजते, फोड येतो, तो चिघळतो, आणि पुढे प्रकरण पाऊल वाचवण्यापर्यंत जाऊ शकते. बिब्बा घालण्याचा प्रकारही त्यातलाच. त्याने कातडी भाजते. पॉल ब्रँड नावाचे एक शल्यवैद्य १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करीत होते. कुष्ठरुग्णांची बोटे आपोआप झडतात असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिले, की बधिर झालेल्या हातापायांना भाजलेले, कापलेले, घासलेले कळत नाही, आणि त्या न कळलेल्या जखमाच बोटे घालवतात. पुढे अमेरिकेत जाऊन मधुमेही रुग्णांच्या पावलांनाही त्यांनी हाच विचार लावला. माझ्या दुखऱ्या टाचेकडे मी थोड्या आदराने पाहू लागलो, तो ब्रँड यांच्याविषयी वाचल्यानंतर. मधुमेह असणाऱ्या वाचकांनी धावायला सुरुवात करण्यापूर्वी तळपायाची जाणीव डॉक्टरांकडून तपासून घ्यावी, आणि रोज रात्री तळवे आरशात पाहावेत. यात काही कमीपणा नाही.

प्रत्येक पायदुखी ही तळपट्ट्याची नसते, हेही सांगून ठेवतो. तळपट्ट्याची खूण अशी, की पहिले पाऊल सर्वांत वाईट, आणि अंगठ्याने टाचेच्या खालच्या आतल्या बाजूला दाबले की नेमके तेथे दुखते. पण दुखणे चवड्याच्या मागच्या एखाद्या लांब हाडावर असेल, एका बोटाने दाखवता येत असेल, आणि धावता धावता कमी न होता वाढतच जात असेल, तर हाडाला केसाएवढी चीर गेल्याची शंका घ्यावी. ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टराने १८५५ मध्ये लांब कूच करणाऱ्या शिपायांची अशी सुजलेली पावले वर्णिली होती. त्या काळी एक्स-रे नव्हता. आज आहे, पण पहिले दोन-तीन आठवडे ही चीर एक्स-रेतही पुष्कळदा दिसत नाही. त्यामुळे 'फोटोत काही नाही' या शब्दावर विसंबून धावत राहू नये. येथे मात्र सहा-आठ आठवडे धावणे बंद, याला पर्याय नाही. टाचेच्या हाडालाही अशी चीर जाते. दोन्ही बाजूंनी टाच चिमटीत दाबली तर ती दुखते. मुंग्या येणे, रात्री झोपेतून जागे करणारी वेदना, पावलावर लाली आणि ताप, या गोष्टी असतील तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये.

आणखी एक प्रसंग चाळिशीतल्या माणसांवर येतो. धावताना किंवा पोरांबरोबर क्रिकेट खेळताना टाचेच्या मागे कोणी दगड मारल्यासारखे वाटते, फाटकन आवाज होतो, मागे वळून पाहावे तर कोणीच नाही. ही टाचेमागची शीर तुटण्याची खूण. इंग्रजीत या शिरेला अकिलीज या ग्रीक वीराचे नाव आहे. त्याचे सारे अंग अभेद्य होते, फक्त टाच तेवढी राहिली होती. आपल्याकडे भगवान श्रीकृष्णांनाही जरा नावाच्या व्याधाचा बाण तळपायालाच लागला. दोन इतक्या दूरच्या परंपरांना वीरपुरुषाचे मर्म पावलातच सापडावे, ही मला मोठी मौजेची गोष्ट वाटते. असो. पालथे झोपून दुसऱ्याला पोटरी दाबायला सांगा. पाऊल जरासुद्धा हलले नाही तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. या शिरेबाबत एक औषधही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. हगवण लागली, लघवीला जळजळ झाली, की आपण दुकानातून सिप्रोफ्लॉक्सासिन आणतो. या जातीच्या औषधांनी, विशेषतः साठीनंतर किंवा बरोबर स्टेरॉइड चालू असताना, ही शीर दुखावण्याचा व तुटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली तसा ठळक इशारा औषधावर छापायला लावला. ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यावे, आणि घेत असताना धावू नये.

आता उपायांकडे येऊ. तळपट्टा विरला आहे आणि त्याची दुरुस्ती संथ चालते, हे एकदा पटले की दोन टोकांचे मार्ग आपोआप गळतात. दुखणे दाबून पूर्वीइतकेच धावले तर विरलेले सूत आणखी विरते. महिनोन्‌महिने पाय वर करून बसले तर पट्टा आणि पोटरी दोन्ही अधिक दुबळी होतात, आणि पुन्हा धावायला लागल्यावर आठ दिवसांत तीच कळ येते. तंतूंना दुरुस्तीचा हुकूम मिळतो तो भारातून. फक्त तो भार मोजका, सावकाश आणि नियमित हवा.

पहिला व्यायाम अंथरुणातच करायचा. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा ठेवा, हाताने पाचही बोटे नडगीकडे ओढा, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळव्याची कमान चाचपा. ती तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ लागली पाहिजे. दहा अंक मोजेपर्यंत धरा, सोडा. असे दहा वेळा. दिवसातून तीनदा हे करावे, पण पहिली खेप सकाळी जमिनीवर पाऊल टेकण्यापूर्वीच झाली पाहिजे. डिजियोव्हानी यांनी अमेरिकेत दहा महिन्यांहून अधिक काळ टाच दुखणाऱ्या १०१ रुग्णांवर हा प्रयोग केला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध केला. नुसती पोटरी ताणणाऱ्यांपेक्षा असा पट्टा ताणणाऱ्यांना आठ आठवड्यांत अधिक आराम पडला. याला खर्च काही नाही. शहाबादी फरशीवरचे पहिले पाऊल मला सुसह्य झाले ते यामुळेच.

दुसरा व्यायाम पायरीवरचा. तो डेन्मार्कच्या राथलेफ यांनी मांडला. जुना पंचा गुंडाळून पायरीच्या कडेवर ठेवा, त्यावर बोटे येतील असा चवडा टेकवा, टाच पायरीबाहेर मोकळी असू द्या. कठड्याला हात लावून, दुखऱ्या एका पायावर, तीन अंक मोजीत टाच वर उचला, दोन अंक थांबा, तीन अंक मोजीत खाली न्या. बोटांखाली पंचा कशासाठी, तर आपला रहाट! बोटे वळलेली राहतात, दोर गुंडाळला जातो, आणि भार नेमका पट्ट्यावर पडतो. सुरुवातीला बारा-बाराच्या तीन खेपा, त्याही एक दिवसाआड. हे सोपे वाटू लागले की पाठीवरच्या पिशवीत पुस्तके भरून वजन वाढवायचे आणि आकडा कमी करायचा. आम्हा मास्तरांकडे पुस्तकांचा तुटवडा नसतो. जाडजूड शब्दकोशांचा इतका थेट उपयोग मला पूर्वी झाला नव्हता. एका पायावर जमत नसेल तर काही आठवडे दोन्ही पायांवर करावे. राथलेफ यांच्या ४८ रुग्णांत तीन महिन्यांनी या व्यायामाचे पारडे नुसत्या ताणाच्या व्यायामापेक्षा जड ठरले. वर्षाअखेर दोन्ही गट जवळजवळ सारखेच झाले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणजे लाभ आहे तो लवकर बरे होण्याचा.

दुखणे टाचेच्या खाली नसून मागे, जाड शिरेत असेल, तर पायरीचाच व्यायाम पंच्याशिवाय आणि उतरण्यावर भर देऊन करतात. स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली तो प्रसिद्ध केला. त्यांचे पंधरा रुग्ण अगदी आपल्यासारखेच होते: हौसेने खेळणारे-धावणारे, सरासरी वय चव्वेचाळीस. बारा आठवडे रोज दोन वेळा हा व्यायाम करून पंधराही जण पूर्वीसारखे धावू लागले. नवल म्हणजे व्यायाम करताना थोडे दुखले तरी थांबू नका, असे त्यांना सांगितले होते.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनाविषयी विचारणा होतेच. त्याने काही आठवडे फार चांगले वाटते. पण पट्टा तुटण्याचा आणि टाचेची गादी आणखी पातळ होण्याचा धोका त्यात असतो. मुलीच्या लग्नात चार दिवस उभे राहायचे आहे, अशा अडचणीत डॉक्टर ते देतील तर समजू शकते. पुन्हा लवकर धावता यावे म्हणून ते घेणे मला पटत नाही.

एवढे चालू असताना धावावे की नाही? येथे मला सर्वांत उपयोगी पडला तो सिल्बरनागेल यांचा स्वीडनमधला २००७ चा प्रयोग. टाचेमागची शीर दुखणाऱ्या अडतीस रुग्णांपैकी एका गटाला त्यांनी सहा आठवडे धावणे-उड्या बंद ठेवायला सांगितले. दुसऱ्या गटाला दुखण्याचे माप पाळून चालू ठेवायला दिले. दोन्ही गट सारखेच बरे झाले. माप असे, की दुखणे दहात पाचाच्या वर जाऊ नये, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते निवलेले असावे, आणि आठवड्यागणिक चढत जाऊ नये. मी स्वतः हे माप थोडे कडक ठेवले आणि आपल्या जुन्या हिशेबात बसवले: धावताना रुपयात चार-पाच आण्यांपर्यंत दुखले तर चालेल, आठ आण्यांवर गेले तर तेथून चालत घरी. खरा निवाडा दुसऱ्या दिवशीचे पहिले पाऊल देते. ते कालच्यापेक्षा वाईट असेल तर फेरी कमी करा. सारखे किंवा बरे असेल तर तशीच चालू ठेवा. मी सुरुवातीचे आठवडे फक्त झपाट्याने चाललो. मग एक मिनिट धावणे आणि तीन मिनिटे चालणे, असे आठ वेळा, एक दिवसाआड. दर आठवड्याला धावण्याचे मिनिट थोडे वाढवत नेले. साखरेच्या दृष्टीने झपाट्याचे चालणे आणि सायकलही पुष्कळ काम करते, तेव्हा त्या काळात औषधाची मात्रा चुकली असे होत नाही.

धावायचे कोठे, हेही महत्त्वाचे. डांबरी रस्त्याच्या कडेला उतार असतो. रोज एकाच कडेने धावले तर एक पाऊल सतत आत वळत राहते. रहदारी सुरू होण्यापूर्वी निघावे आणि शक्य तेथे सपाट भाग धरावा. शेतातली पायवाट मऊ असते म्हणून पुष्कळजण तिकडे वळतात. पावसाळ्यानंतर काही महिने ते ठीक. पण उन्हाळ्यात आमची काळी माती दगडासारखी होते, तिला हातभर भेगा पडतात, आणि ज्वारी निघालेल्या रानात धसकटे उभी असतात. त्या दिवसांत टाचेचे राहू द्या, घोटाच जायचा.

अनवाणी धावण्याचा पंथ अलीकडे पुन्हा बोलू लागला आहे. त्याला आपल्याकडे इतिहास आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकच्या आधी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर दोराबजी टाटांनी शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावताना पाहिली, आणि त्यातूनच हिंदुस्थानचा पहिला ऑलिंपिक संघ जाण्याची खटपट सुरू झाली. त्या संघातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरॅथॉनमध्ये एकोणिसावे आले. पण ती पावले लहानपणापासून वहाणेविना घडलेली होती. तीस वर्षे बुटात राहिलेले, आणि फळ्यासमोर रोज चार-चार तास उभे राहणारे पाऊल एका महिन्यात तसे होणार नाही. टाच दुखत असताना तर घरातही अनवाणी फिरू नये. जाड, मऊ तळाची एक चप्पल खास घरात वापरायला ठेवावी. सपाट कोल्हापुरी काही महिने खुंटीला. देवळाच्या रांगेत अनवाणी उभे राहावेच लागते, तेथे एका जागी खिळून न राहता वजन या पायावरून त्या पायावर घेत राहावे.

'या वयात कशाला' हा प्रश्न राहिलाच. साठी उलटलेल्या लता करे बारामतीच्या शर्यतीत नऊवारी लुगड्यात धावल्या, त्या पतीच्या उपचारासाठी पैसे हवे होते म्हणून. पुढे त्यांच्यावर २०२० मध्ये चित्रपटही आला. तेवढी निकड आपल्याला नसेल, पण आकडे आपल्याही बाजूने आहेत. स्टॅनफर्डच्या जेम्स फ्राइज यांनी १९८४ पासून पन्नाशी ओलांडलेले पाचशेवर धावणारे आणि चारशेवर न धावणारे लोक लक्षात ठेवले. एकोणीस वर्षांनी धावणाऱ्यांपैकी शेकडा १५ मरण पावले होते, इतरांपैकी शेकडा ३४. जिना चढणे, बसून उठणे यांसारखी रोजची कामे अडू लागण्याची वेळही धावणाऱ्यांवर पुष्कळ वर्षे उशिरा आली. मुळात जे धडधाकट तेच धावत राहतात, ही शंका येथे रास्त आहे. सर्व श्रेय धावण्याला देऊ नये. गुडघ्यांच्या भीतीचेही तसेच. २०१७ मध्ये अनेक पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा गुडघ्या-खुब्याची संधिवाताची झीज हौशी धावणाऱ्यांत शेकडा साडेतीन, न धावणाऱ्यांत शेकडा दहाच्या आसपास, आणि स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत शेकडा तेरावर निघाली. मधला मार्ग आपला, एवढे त्यातून घेता येईल.

टाच बहुतेकांची बरी होते. पण महिन्याचा हिशेब धरू नये, सहा महिने ते वर्षाचा धरावा. सहा महिने नेटाने व्यायाम करूनही फरक नसेल, तर शॉकवेव्ह वगैरे पुढचे उपचार डॉक्टर सुचवतील. आणि बरे वाटू लागल्यावरही पायरीवरचा व्यायाम आठवड्यातून दोनदा चालू ठेवावा, तोही दोन्ही पायांनी, कारण एका टाचेला वाचवत महिनोन्‌महिने चाललेल्या माणसाची दुसरी टाच मागाहून बोलू लागते. बूट घ्यायचे झाले तर संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाऊल थोडे फुगलेले असते. आणि दुकानाच्या गालिच्यावर नव्हे, बाहेरच्या फरशीवर चार पावले धावून पाहावे. दुकानदार हसला तर हसू द्यावा.